मिरजोळीचे हमीद दलवाई : पक्षाची तत्त्वं आणि स्वतःचं मत

हमीद दलवाई हे नाव काढलं की आपल्या घरांत दोनच प्रतिक्रिया होतात. एक तर कपाळाला आठी, नाहीतर गप्प बसणं. बाहेरच्या समाजात मात्र त्यांची जयंती-पुण्यतिथी होते, भाषणं होतात. या दोन्हींमध्ये माणूस राहून जातो. आम्हाला त्यांची अनेक मतं मान्य नाहीत, हे आधीच सांगतो. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका मुस्लिम घरातला मुलगा राजकीय चळवळीत जातो, तिची तत्त्वं मनापासून स्वीकारतो आणि मग ती तत्त्वं आपल्या माणसांनाच लावून बघतो, तेव्हा काय होतं, हे वाचण्यासारखं आहे. आज आपली मुलंही कुठल्या ना कुठल्या पक्षाचं काम करतातच की.

जन्म २९ सप्टेंबर १९३२, चिपळूणजवळच्या मिरजोळी गावात. शिक्षण चिपळूणला, मग मुंबई. तो काळ डोळ्यांसमोर आणायला हवा. १९४६ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतातल्या मुस्लिम राखीव जागा मुस्लिम लीगने झाडून घेतल्या. मोहल्ल्यांत लीगचा जोर, आणि अशा वेळी हा शाळकरी मुलगा राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत जायचा. १९४१ पासून एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली सेवा दल नव्याने उभं राहिलं होतं. जात-धर्म न बघता सगळे एका रांगेत, ही तिथली शिकवण. त्या वयात ती मनात बसली आणि शेवटपर्यंत हलली नाही. सेवा दलातून ते पुढे समाजवादी पक्षाच्या कामात आले.

लिहायचेही चांगले. ‘लाट’ हा कथासंग्रह १९६१ चा, ‘इंधन’ ही कादंबरी १९६५ ची. ‘इंधन’मध्ये कोकणातलंच गाव आहे, आपल्यासारखीच माणसं आहेत आणि हळूहळू पेटत जाणारं वैर आहे. आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’त त्यांनी पत्रकारी केली, देशात फिरले, ठिकठिकाणच्या मुसलमानांशी बोलले. नुसते लेखक राहिले असते तर कदाचित आज आपल्या शाळांत त्यांची कथा अभिमानाने शिकवली गेली असती.

पण ते थांबले नाहीत. समाजवादी मंडळी स्त्री-पुरुष समता सांगायची, जातिभेदावर बोलायची, हिंदू समाजातल्या रूढींवर तुटून पडायची. दलवाईंचा प्रश्न साधा होता : हेच माझ्या समाजातल्या बाईला का लागू नाही? एका दमात तीन तलाक मिळून रस्त्यावर आलेली बाई समतेच्या जाहीरनाम्यात बसते की नाही? सगळेच पुरोगामी पक्ष इथे अडखळायचे. कोणाला मतांची काळजी, तर कोणाला खरंच वाटायचं की फाळणीनंतर आधीच बिथरलेल्या अल्पसंख्याकांना आता छेडू नये. ही दुसरी काळजी खोटी नव्हती, असं आमचं मत आहे. दंगलींचा तो काळ होता. पण दलवाईंना त्यात दुजाभाव दिसला. एका समाजाला एक माप, दुसऱ्याला दुसरं.

आता अशा वेळी माणूस काय करतो? बहुतेक जण गप्प बसतात आणि पुढच्या तिकिटाची वाट बघतात. काही जण रागाने समोरच्या पक्षात जातात. दलवाईंना तीही वाट मोकळी होती. हिंदुत्ववादी मंडळी त्यांच्या भाषणांना खुशीत टाळ्या वाजवायची, त्यांची अर्धी वाक्यं घेऊन मिरवायची. आजही मिरवतात. पण ते तिकडे गेले नाहीत. हिंदू जातीयवादावर ते तितकंच कडक लिहीत राहिले, आणि समान कायदा हवा तो सगळ्यांना सारखा, हिंदू समाजानेही आधुनिक व्हावं, हे त्यांचं म्हणणं होतं. टाळ्या वाजवणारे हा भाग सोयीने विसरतात.

त्यांनी तिसरंच केलं. पक्षाचं काम मागे ठेवलं आणि स्वतःचं काम उभं केलं. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिलांना घेऊन त्यांनी मुंबईत विधान भवनावर मोर्चा नेला. मागणी तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करण्याची. फक्त सात जणी! १९६८ मध्ये अ. भि. शहांसोबत इंडियन सेक्युलर सोसायटी, आणि २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ. नाव जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजावरून घेतलेलं. सेवा दलातले जुने सोबती यात साथीला आले, हेही नोंदवायला हवं. पक्ष कचरले तरी त्यातली सगळी माणसं कचरली नव्हती.

समाजातून विरोध जबरदस्त झाला. सभा उधळल्या गेल्या, बहिष्काराची भाषा झाली. डिसेंबर १९७२ मध्ये मुंबईत शरियतच्या रक्षणासाठी मोठं अधिवेशन भरलं आणि पुढच्या वर्षी मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड स्थापन झालं. एकीकडे एवढी मोठी जमात, दुसरीकडे मूठभर माणसं.

आमचं त्यांच्याशी खरं भांडण इथे आहे. एका बैठकीतल्या तीन तलाकला आपले उलमाही तलाक-ए-बिद्दत म्हणतात, म्हणजे ती पद्धत नापसंतच. ट्युनिशियाने १९५६ मध्ये, पाकिस्तानने १९६१ मध्ये कायदे बदलले होते. म्हणजे दीनच्या आतून बोलायला भरपूर जागा होती. पुढे असगर अली इंजिनियर यांनी कुरआनच्या आधाराने बायकांचे हक्क मांडले, त्यांनाही विरोध झाला, पण ऐकणारेही मिळाले. दलवाईंनी ती वाट घेतली नाही. ते स्वतः श्रद्धाळू नव्हते आणि श्रद्धेचा आव आणणं त्यांना लबाडी वाटायची. त्यांची सगळी मांडणी राज्यघटनेवर. हा प्रामाणिकपणा म्हणायचा की आडमुठेपणा? आमच्या मते दोन्ही. ज्या बाईसाठी ते लढत होते ती नमाज पढणारी, रोजे ठेवणारी होती. तिला तिच्या अल्लाहच्या नावाने धीर देणारा माणूस हवा होता.

या सगळ्यात घर चाललं ते मेहरुन्निसा यांच्यामुळे. पुण्याच्या, उर्दू बोलणाऱ्या. त्या नोकरी करत होत्या म्हणून नवऱ्याला गावोगाव फिरता आलं. दोघांचा निकाह झाला होता, नंतर त्यांनी विशेष विवाह कायद्याखाली नोंदणीही केली. म्हणजे एकतर्फी तलाकचा हक्क दलवाईंनी आधी स्वतः सोडला, मग दुसऱ्यांना सांगायला गेले. विरोधकांनीही एवढं तरी मान्य करायला हरकत नसावी.

मूत्रपिंडाच्या आजाराने ते ३ मे १९७७ रोजी मुंबईत गेले, वय अवघं ४४. त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन न करता दहन झालं. आपल्या समाजाला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट हीच, आणि आम्हालाही ती पटत नाही.

योगायोग बघा. त्याच्या दोनच दिवस आधी, १ मे १९७७ ला, त्यांचा जुना समाजवादी पक्ष जनता पक्षात अधिकृतपणे विलीन झाला, आणि त्याच पक्षात जनसंघही आला. ज्यांच्या टाळ्या घेऊनही दलवाई ज्यांच्याकडे गेले नाहीत, त्यांच्याच मांडीला मांडी लावून त्यांचे सोबती बसले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर मतदारसंघातून निवडून आलेले मधू दंडवते त्या सरकारात रेल्वेमंत्री होते. दोनच वर्षांत जनसंघ गटाच्या दुहेरी निष्ठेवरून पक्ष फुटला. दलवाई असते तर कुठे उभे राहिले असते, यावर जुने समाजवादी वाद घालू शकतील.

मेहरुन्निसा यांनी काम सोडलं नाही. शाहबानो प्रकरण पेटलं तेव्हा, १९८५ मध्ये, मंडळाने कोल्हापूरहून तलाक मुक्ती मोर्चा काढला. २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तीन तलाक रद्द ठरवला. मेहरुन्निसा त्याच वर्षी वारल्या.