रोगजंतूंची उग्रता ओळखणारे हाफकिन

मुंबईतील परळच्या हाफकिन संस्थेचे नाव आपण ऐकले असेल. ज्यांच्यावरून हे नाव पडले त्या वाल्डेमार हाफकिन यांचे जीवन मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. परंतु त्या काळच्या रशियन साम्राज्यात धर्म बदलल्याशिवाय ज्यू माणसाला अध्यापकाची जागा मिळणे शक्य नव्हते. हाफकिन यांनी जागेवर पाणी सोडले. धर्म सोडला नाही. पुढे १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी साध्या ग्रंथपालाच्या मदतनिसाचे काम पत्करले आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत शिकत राहिले.

एकाच जातीचे रोगजंतू सारखेच घातक नसतात, त्यांची उग्रता कमी-जास्त होते, हे पाश्चर यांनी कोंबड्यांच्या रोगावरून दाखविले होते. हाफकिन यांनी हेच तत्त्व पटकीच्या जंतूंना लावले. एका गिनीपिगच्या पोटातून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या पोटातून तिसऱ्याच्या, असे जंतू नेत गेल्यावर ते अधिकाधिक उग्र होत गेले. उलट ३९ अंश सेल्सिअस उष्णतेत, हवेचा झोत देत वाढविल्यावर ते नरम पडले. आधी नरम जंतू टोचायचे आणि काही दिवसांनी उग्र जंतू, म्हणजे शरीर तयारीनिशी झुंज देते, अशी ही पद्धत होती. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.

१८९३ मध्ये ते कलकत्त्यास आले. सुमारे दोन वर्षांत गावोगाव व चहाच्या मळ्यांवर फिरून त्यांनी ४२ हजारांहून अधिक लोकांना पटकीची लस टोचली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगने कहर केला. सरकारने हाफकिन यांना बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली, एक कारकून व तीन शिपाई एवढ्यावर त्यांनी काम सुरू केले. येथे त्यांनी वेगळा मार्ग धरला. प्लेगचे जंतू रश्श्यात वाढवायचे, वर तुपाचे थेंब सोडायचे, म्हणजे जंतू त्यांना धरून भरपूर वाढतात; मग उष्णता देऊन ते मारायचे. मेलेला जंतू रोग देत नाही, पण शरीराला शत्रूची ओळख करून देतो. १० जानेवारी १८९७ रोजी ही लसही त्यांनी आधी स्वतःच्या अंगावर घेतली. ताप आला, पण ते सावरले.

शहरात अफवांचे पीक आले होते. लोक सुईला प्लेगाइतकेच भीत. अशा वेळी विशीच्या उंबरठ्यावरील तिसरे आगाखान पुढे आले. त्यांनी प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली आणि लोकांसमक्ष स्वतः लस टोचून घेतली. मग हजारो खोजा बांधवांनीही टोचून घेतली. लसीने प्रत्येक जण वाचला असे नाही. पण टोचून घेतलेल्यांत रोग व मृत्यू पुष्कळच कमी झाले.

१९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन यांच्या माथी आला व त्यांना पदावरून दूर केले गेले. बाटली गावात उघडताना ती दूषित झाली असावी, हे पटायला १९०७ साल उजाडले. कलंक पुसला गेला, पण उमेदीची वर्षे परत आली नाहीत. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले. आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील आपल्या समाजाच्या धार्मिक विद्यालयांसाठी ठेवली.

पालकहो, एका ज्यू शास्त्रज्ञाने शोधलेल्या लसीसाठी एका मुस्लिम नेत्याने आपले घर उघडले, आणि तिचा लाभ सर्व जातिधर्मांच्या लोकांना झाला. इल्मला धर्माची भिंत आड येत नाही. आपल्या मुलामुलींपैकी कोणी उद्या प्रयोगशाळेत उभे राहावे असे वाटत असेल, तर आज त्यांचे प्रश्न थांबवू नका.