पांडुरंगाचं दार उघडणारे साने गुरुजी

दिंडीला शंभर वर्षं झाली, पुस्तक निघतंय, तुम्हीही लिहा असं मंडळींनी सांगितलं. आम्ही चौथी शिकलेलो. हातात औत नाहीतर वीणा, लेखणीची सवय नाही. कीर्तनात चरित्र सांगतो तसंच इथं सांगतो. हे चरित्र संताचं नाही, एका मास्तरांचं आहे. पण त्यांचं नाव पांडुरंग होतं, आणि आज आपली दिंडी कुणालाही मागं न ठेवता राउळात जाते त्यात त्यांचे कष्ट आहेत. म्हणून ते या पुस्तकात पाहिजेत.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. घराणं खोताचं, पण पुढं गरिबी आली. आई यशोदाबाई. तिनं जे शिकवलं ते गुरुजींनी पुढं नाशिकच्या तुरुंगात बसून 'श्यामची आई' या पुस्तकात लिहिलं. आमच्या घरी ज्ञानेश्वरी, गाथा आणि तिसरं हेच पुस्तक.

हाल काढून ते एम. ए. झाले आणि १९२४ साली आपल्या खानदेशात, अमळनेरच्या शाळेत मास्तर म्हणून आले. वसतिगृहातल्या पोरांचे कपडे धुवावेत, आजारी पोराच्या उशाशी रात्र काढावी, असा हा मास्तर. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा नोकरी सोडली आणि तुरुंगात गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. गुरुजींनी ते भराभर उतरून घेतलं, म्हणून 'गीता प्रवचने' आज आपल्या हाती आहेत. आम्हा कीर्तनकारांवर हे केवढं ऋण!

आता मुख्य गोष्ट. १९४६-४७ चा काळ फार वाईट. स्वातंत्र्य दाराशी आलेलं, आणि तिकडं बंगाल-पंजाबात माणूस माणसाला कापत होता. गुरुजींना वाटलं, स्वातंत्र्य येईल, पण आपल्या पंढरीत काही लेकरं पायरीवरूनच परत जातील तर ते कसलं स्वातंत्र्य? चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, सगळ्यांनी पाहिली आहे. चोखोबा बाहेर राहिले आणि पुढं सहाशे वर्षं त्यांची लेकरंही बाहेरच राहिली. टाळ त्यांचा चालत होता, भजन चालत होतं, पण देवाच्या पायावर डोकं चालत नव्हतं.

१९४६ च्या कार्तिकीलाच गुरुजी उपासाला बसणार होते. मंडळींनी सांगितलं, आधी लोकांची मनं तयार करा. मग पुढचे काही महिने ते महाराष्ट्रभर फिरले. सोबत सेनापती बापट आणि सेवा दलाच्या कलापथकाची तरुण पोरं. गावोगाव सभा झाल्या, कितीतरी देवळं उघडली, पाणवठे उघडले. पण पंढरीचं दार उघडेना.

मग १ मे १९४७ ला ते पंढरपुरात उपासाला बसले. जागा मिळायची पंचाईत. तेव्हा तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. ही गोष्ट आम्ही प्रत्येक कीर्तनात सांगतो. कारण विरोध करणारेही आपल्यातलेच होते, माळ घातलेले होते, आणि मठ उघडणाराही माळकरीच होता. गांधीजींना कुणी भलतंच कळवलं, त्यांची उपास सोडा म्हणून तार आली. ज्यांना आयुष्यभर मानलं त्यांचीच तार! तरी गुरुजी नम्रपणे बसून राहिले. विरोधकांबद्दल वाकडा शब्द नाही. शेवटी दादासाहेब मावळंकर मध्ये पडले, बडवे मंडळी राजी झाली आणि दहा दिवसांनी उपास सुटला. पुढं राउळाचं दार सगळ्यांना मोकळं झालं.

तरी सगळ्यांची मनं लगेच उघडली नाहीत. कुणी म्हणालं देव बाटला, कुणी आत जाणंच सोडलं. हे दुसऱ्याचं सांगत नाही. आमचे आजोबा याच दिंडीचे टाळकरी. त्यानंतर तीन आषाढ्या ते कळसाला हात जोडून माघारी फिरले. चौथ्या वर्षी आपल्या दिंडीतला वस्तीवरचा एक म्हातारा पताकाकरी त्यांना नामदेव पायरीपाशी भेटला. तो नुकताच दर्शन घेऊन आला होता. त्यानं आजोबांच्या पाया पडून आपल्या कपाळीचा बुक्का त्यांना लावला. आजोबा तिथंच बसून रडले आणि मग आत गेले. वडिलांनी हे आम्हाला सांगितलं ते लपवायला नाही, सांगायला.

१९४८ साली गांधीजींचा खून झाला. मारणारा महाराष्ट्रातला, म्हणून गुरुजींनी २१ दिवस उपास केला. त्या दिवसांत इकडं रागाच्या भरात ब्राह्मणांची घरंही जळाली. द्वेषाला जात नसते माऊली, तो या घरातून निघतो आणि त्या घरात शिरतो. त्याच वर्षी १५ ऑगस्टला गुरुजींनी 'साधना' हे साप्ताहिक काढलं. सगळ्या भाषांच्या माणसांनी एकमेकांना ओळखावं म्हणून आंतरभारतीचं स्वप्न मांडलं. पण मन खचलं होतं. ११ जून १९५० ला त्यांनी आपल्या हातानेच यात्रा संपवली. वय अवघं पन्नास.

आम्हाला नेहमी वाटतं, सगळ्यांचं पाप एकट्यानं उपाशी राहून फेडायची वेळ कुणावर येऊ नये. मागच्या वर्षी वाटेतल्या एका गावात निवडणुकीवरून वातावरण तापलेलं होतं. तिथला एक मुसलमान भाऊ बापापासून आपल्या दिंडीला पाणी पाजतो. आपल्याच काही पोरांनी मोबाईलवर काहीबाही वाचून ते पाणी नको म्हटलं. आम्ही क्षणभर गप्पच राहिलो, हे कबूल करतो. विणेकरी बोलले काही नाहीत, पुढं झाले आणि तांब्या तोंडाला लावला. मग सगळी दिंडी प्यायली. ती पोरंही प्यायली.

तनपुरे महाराजांनी मठ उघडला, विणेकऱ्यांनी तांब्या उचलला. पुढची शंभर वर्षं दिंडीनं एवढं जपावं. चूकभूल माऊलींनी पदरात घ्यावी.

राम कृष्ण हरी.