नासरेथचा येशू : चमत्कार आणि श्रद्धा

थोर पुरुषांच्या चरित्रांवर दोन प्रकारचीं संकटें येतात. भक्त त्यांस इतके उंच नेऊन बसवितात कीं, सामान्य माणसाची दृष्टि तेथपर्यंत पोंचत नाहीं. आणि विरोधक त्यांच्याभोंवतीं जमलेला अद्भुताचा पसारा पाहून मूळ पुरुषासही त्याबरोबरच मोडींत काढतात. नासरेथच्या येशूच्या चरित्रावर हीं दोन्ही संकटें आलीं आहेत. त्याचे चमत्कार खरे कीं खोटे ह्या एका वादांत इतकी शाई खर्च झाली आहे कीं, ते कोणासाठीं केल्याचें सांगितलें आहे, कोणत्या प्रसंगीं, आणि करणाऱ्यानें त्यांचा मोबदला काय घेतला, हे प्रश्न बाजूसच राहिले. मूळ वादाचा निकाल देण्याचा अधिकार आम्ही आमच्याकडे घेत नाहीं. परंतु दप्तरांतील कागद नीट वाचून पाहण्याचा अधिकार कोणासही आहे, आणि तेवढेंच आज आम्हांस करावयाचें आहे.

कागद म्हणजे मुख्यत्वें चार शुभवर्तमानें. मत्तय, मार्क, लूक व योहान यांच्या नांवांवर चालत आलेलीं. बहुतेक अभ्यासकांच्या मतें त्यांत मार्काचें सर्वांत जुनें, इसवी सन ७० च्या सुमाराचें, आणि योहानाचें पहिल्या शतकाच्या अखेरीचें. म्हणजे घटना आणि लेख यांमध्यें चाळीसपासून साठ-सत्तर वर्षांचें अंतर पडलें आहे. चारही ग्रंथ ग्रीक भाषेंत आहेत. येशू बोलत असे ती भाषा अरामी. लिहिणारे भक्त होते, तटस्थ बखरकार नव्हते. तथापि मंडळीबाहेरचे साक्षीदार अगदींच नाहींत असें नाहीं. टॅसिटस या रोमन इतिहासकारानें दुसऱ्या शतकाच्या आरंभीं लिहितांना, तिबेरियस बादशहाच्या कारकीर्दींत पंतय पिलाताच्या हुकुमानें ख्रिस्तास देहदंड झाल्याची नोंद केली आहे. आणि योसेफस या यहुदी इतिहासकारानें इ. स. ९३ च्या सुमारास येशूचा भाऊ याकोब याचा उल्लेख केला आहे. पिलाताचें नांव कोरलेला शिलालेख १९६१ सालीं कैसरिया येथें सांपडला. तेव्हां असा पुरुष झालाच नाहीं, हें म्हणणें आतां फारसा कोणी जबाबदार इतिहाससंशोधक करीत नाहीं.

येशूचा जन्म थोरल्या हेरोद राजाच्या कारकीर्दींत झाला, असें मत्तय सांगतो. हा राजा इ. स. पूर्वी ४ ह्या वर्षीं मरण पावला. त्यावरून जन्मकाल त्याच्या किंचित् आधींचा ठरतो. बालपण गालील प्रांतांतील नासरेथ ह्या आडगांवीं गेलें. धंदा सुताराचा. देश परक्यांच्या हातीं होता. गालिलांत हेरोद अंतिपा हा रोमचा मांडलिक राज्य करी, आणि यहूदिया प्रांत इ. स. ६ पासून खुद्द रोमन सुभेदाराच्या ताब्यांत गेला होता. त्याच वर्षीं करासाठीं खानेसुमारी झाली, आणि गालीलकर यहूदा नांवाच्या पुरुषानें तिच्याविरुद्ध बंडाचें निशाण उभारिलें. परक्याचा कर, परक्याची फौज आणि देवानें पाठविलेला मुक्तिदाता आज येईल उद्यां येईल अशी आशा, ह्या हवेंत येशू वाढला, ही गोष्ट त्याचें चरित्र वाचतांना क्षणभरही विसरतां कामा नये.

वयाच्या तिशीच्या सुमारास त्यानें यार्देन नदीवर योहानाच्या हातून बाप्तिस्मा घेतला. पुढें अरण्यांत चाळीस दिवस उपाशी राहिला असतां सैतानानें त्याची परीक्षा पाहिली, असें मत्तय आणि लूक यांनीं वर्णिलें आहे. पहिलाच मोह धोंड्यांच्या भाकरी करण्याचा. भूक खरी होती, आणि सामर्थ्यही होतें असें ग्रंथकार मानतो. तरी त्यानें तें केलें नाहीं. ह्या नकाराकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों, कारण पुढील सर्व चरित्राची किल्ली येथें आहे.

योहान कैदेंत पडल्यावर येशूनें कफर्णहूम येथें मुक्काम केला. गालीलचा समुद्र म्हणून जो प्रसिद्ध आहे, तो वस्तुतः गोड्या पाण्याचा सुमारें २१ किलोमीटर लांबीचा तलाव. त्याच्या कांठीं हें कोळ्यांचें गांव होतें. त्या काळची एक लांकडी होडी १९८६ सालीं तलावाच्या चिखलांत सांपडली. तिची लांबी जेमतेम आठ मीटर. अशा होडींत बसून जाळें टाकणारे पेत्र, आंद्रिया, याकोब आणि योहान हे त्याचे पहिले शिष्य. लेवी नांवाचा जकातदार त्यांत मागाहून आला. मग्दालीया मरीया आणि हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना अशा स्त्रिया बरोबर फिरत व स्वतःच्या पैशानें मंडळीचा खर्च चालवीत, हेंही लूकानें नमूद केलें आहे. देवाचें राज्य जवळ आलें आहे, हा उपदेशाचा विषय. आणि दृष्टांत पेरणीचे, खमिराचे, हरवलेल्या नाण्याचे. जकातदारांच्या पंक्तीस बसून जेवल्याबद्दल त्याजवर बोभाटा झाला तो ह्याच काळांत.

आतां चमत्कारांकडे वळूं. एक कुष्ठरोगी येतो आणि गुडघे टेकून शुद्ध करण्याची विनवणी करतो. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें अशा माणसानें वस्तीबाहेर राहावें, आपण अशुद्ध आहों असें स्वतःच ओरडून सांगावें. येशूनें हात पुढें करून त्याला शिवलें, आणि मग तो बरा झाला. क्रम लक्षांत घ्यावा: स्पर्श आधीं, शुद्धि मागाहून. शताधिपतीचा चाकर त्यानें दुरून नुसत्या शब्दानें बरा केल्याचें हेच ग्रंथ सांगतात. म्हणजे स्पर्शावांचून अडलें होतें असें नव्हे. अस्पृश्यता नाहींशी करण्यासाठीं ज्या देशास १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेंत स्वतंत्र कलम घालावें लागलें, त्या देशांतील वाचकांस ह्या स्पर्शाचा अर्थ समजावून सांगण्याचें कारण नाहीं. आणखी एक गोष्ट. बऱ्या झालेल्या माणसास त्यानें याजकाकडे जाऊन शास्त्राप्रमाणें तपासणी करून घेण्यास सांगितलें, व हा प्रकार कोठें बोलूं नकोस अशी सक्त ताकीद दिली.

दुसरा प्रसंग बारा वर्षें रक्तस्रावानें पिडलेल्या बाईचा. वैद्यांच्या पायीं तिचा सगळा पैसा गेला होता आणि दुखणें वाढतच होतें. गर्दींत मागून येऊन तिनें त्याच्या वस्त्रास हात लावला. त्या वेळीं येशू सभास्थानाचा अधिकारी याईर याच्या मरणोन्मुख मुलीकडे घाईनें निघाला होता. एका प्रतिष्ठिताचें घर वाट पाहत असतां तो थांबला, त्या अनाम बाईस पुढें बोलाविलें, तिची हकीकत तिच्याच तोंडून सर्वांसमक्ष ऐकून घेतली, आणि बरें झाल्याचें श्रेय तिच्या विश्वासास दिलें. चोरून मिळालेल्या आरोग्यास त्यानें उघड मान्यता दिली, म्हणजे ती पुन्हां माणसांत आली. याईराची मुलगी बारा वर्षांची होती. जितकीं वर्षें ही मुलगी घरांत लाडानें वाढली, तितकींच वर्षें ती बाई विटाळ म्हणून बाजूस पडली होती. मुलीसही त्यानें उठविलें, आणि तिला कांहीं खावयास द्या असें सांगण्यास तो विसरला नाहीं.

तिसरा प्रसंग कायद्याचा असल्यामुळें आमच्या विशेष आवडीचा आहे. शब्बाथाच्या दिवशीं सभास्थानांत वाळल्या हाताचा एक मनुष्य होता. जीव धोक्यांत असेल तर शब्बाथ मोडण्याची मुभा यहुदी शास्त्रकारही देत. पण हा हात संध्याकाळपर्यंत थांबला असता तर कांहीं बिघडत नव्हतें. म्हणजे ही बाब अपवादांत बसणारी नव्हती, आणि येशूनें ती मुद्दाम भर सभेंत घेतली. खड्ड्यांत पडलेलें मेंढरूं त्या दिवशीं वर काढतां, मग माणसाचें काय, हा त्याचा युक्तिवाद. येथें परूश्यांस दुष्ट ठरवून मोकळें होणें सोपें आहे. पण तें न्यायाचें नव्हे. राज्य गेलेल्या समाजास आपली ओळख टिकविण्याचें साधन म्हणून आचारधर्मच उरतो, आणि तो ढिला पडला कीं सर्वच गेलें, असें त्यांस प्रामाणिकपणें वाटे. पारतंत्र्य भोगलेल्या आम्हांस ती भीति परकी नाहीं. येशूनें शास्त्र टाकून दिलें नाहीं. शास्त्र ज्यासाठीं झालें तो माणूस त्यानें शास्त्रापुढें आणून उभा केला. सुधारणेचा प्रत्येक वाद शेवटीं ह्याच प्रश्नाशीं येऊन ठेपतो.

श्रद्धा ह्या शब्दाचा अर्थही ह्या प्रसंगांवरूनच लावावा लागतो. आपल्या गांवीं, नासरेथास, लोकांच्या अविश्वासामुळें त्याच्यानें फारसें कांहीं झालें नाहीं, असें मार्क प्रांजळपणें लिहितो. नुसती स्तुति करावयास बसलेला लेखक हें लिहिता ना. फेफऱ्यानें पछाडलेल्या मुलाचा बाप आपला विश्वास अर्धाच आहे असें रडत कबूल करतो, आणि तरीही मुलगा बरा होतो. सीरियाकडील एक परजातीय बाई मुलीसाठीं याचना करते. येशू प्रथम कठोर शब्दांनीं तिला नाकारतो. ती त्याच्याच दृष्टांताचा धागा पकडून उलट उत्तर करते, आणि तो तिचें म्हणणें मान्य करतो. चारही ग्रंथांत त्यानें वादांत हार घेतल्याचा हा बहुधा एकच प्रसंग, आणि ती हार एका परक्या स्त्रीपुढें. दहा कुष्ठरोगी बरे झाले, त्यांपैकीं आभार मानण्यास परतला तो एकटा शोमरोनी, म्हणजे यहुद्यांनीं हलका मानलेला. ह्यावरून दिसतें कीं, सांगितलेलें सर्व डोळे मिटून गिळणें हा ह्या ग्रंथांतील श्रद्धेचा अर्थ नव्हे. गरज घेऊन पुढें येणें, नाकारलें तरी न हटणें, आणि अर्ध्या विश्वासाचीही लाज न बाळगणें, असा तो अर्थ आहे.

उलट, परूश्यांनीं आकाशांतील चिन्ह दाखविण्याचें आव्हान दिलें तेव्हां त्यानें तें साफ नाकारलें. पांच भाकरी व दोन मासे यांवर पांच हजारांस जेवूं घातल्याची कथा चारही ग्रंथांत आहे. तीनंतर लोक त्यास बळेंच राजा करूं पाहत होते, तेव्हां तो एकटा डोंगरावर निघून गेला, असें योहान सांगतो. पोट भरणारा राजा कोणास नको? पण त्या भावानें त्यास राज्य नको होतें.

शेवटचा अंक यरुशलेमांत, वल्हांडण सणाच्या सुमारास, इ. स. ३० किंवा ३३ सालीं घडला. मंदिराच्या आवारांतील सराफांचे चौरंग त्यानें उलथून टाकले, आणि तेथून अधिकारीवर्गाचा रोष पेटला. यहूदा इस्कर्योतानें त्यास पकडून दिलें. झटापटींत प्रमुख याजकाच्या चाकराचा कान तुटला. तो येशूनें बरा केला असें लूक सांगतो. शेवटचें आरोग्यदान धरावयास आलेल्या माणसास! धर्मसभेपुढें आरोप होता देवनिंदेचा. पिलातापुढें जातांच तो राजद्रोहाचा झाला: हा स्वतःस राजा म्हणवितो आणि बादशहास कर देण्याची मनाई करतो. एका न्यायासनापुढें एक गुन्हा आणि दुसऱ्यापुढें दुसरा, ही युक्ति वसाहतींच्या कचेऱ्यांत पुढेंही पुष्कळ चालली. पिलातानें त्यास हेरोदाकडे धाडलें. एखादा चमत्कार पाहावयास मिळेल ह्या आशेनें हेरोदास आनंद झाला होता. एका चमत्कारानें तेथें कदाचित् सुटका झाली असती. येशूनें चमत्कार केला नाहीं आणि प्रश्नांस उत्तरही दिलें नाहीं. पिलातानें आरोपीच्या ठायीं दोष दिसत नाहीं असें वारंवार सांगितलें, आणि तरीही गर्दीस भिऊन बरब्बास सोडलें व येशूस वधस्तंभीं दिलें. निर्दोष ठरवून शिक्षा देणारा न्यायाधीश कायद्याच्या इतिहासांत अमर झाला तो हात धुण्यामुळें. शिक्षा रोमन होती, हुकूम रोमन होता. तथापि तिचा दोष एका संपूर्ण यहुदी जातीवर लादून शतकानुशतकें जो छळ झाला, तो येशूच्या नांवास लागलेला मोठाच कलंक होय. रोमन कॅथॉलिक धर्मपीठाच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें तो सरसकट दोषारोप १९६५ सालीं अमान्य केला.

स्तंभाखालीं लोक हिणवीत होते कीं, ह्यानें दुसऱ्यांस वांचविलें, ह्यास स्वतःस वांचवितां येत नाहीं. त्यांस ठाऊक नव्हतें कीं, आपण त्याच्या आयुष्याचें सारच सांगत आहों. अरण्यांतील भाकरीपासून ह्या स्तंभापर्यंत स्वतःसाठीं एकही चमत्कार नाहीं. तिसऱ्या दिवशीं तो उठला, ही शिष्यांची साक्ष. आणि ती प्रथम दिली ती स्त्रियांनीं, ज्यांच्या साक्षीस त्या काळीं फारसें वजन नसे. तिचा निवाडा प्रत्येकाच्या श्रद्धेकडे. आमच्या मराठींत रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं हें चरित्र ओवीबद्ध करण्यास घेतलें. १९१९ सालीं त्यांच्या मृत्यूनें अपुरें राहिलेलें तें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें.

ह्या चरित्राचा आजचा उपयोग काय? चमत्काराचा बाजार आमच्याकडे अद्याप उठलेला नाहीं, आणि तो मांडणारे कोणत्याही एका धर्माचे नाहींत. तथाकथित चमत्कार दाखवून पैसा मिळविणें व लोकांस फसविणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें गुन्हा ठरला आहे. परंतु कायदा गुन्हा घडल्यावर धांवतो. लोकांनीं आधींच परीक्षा करावयास शिकलें पाहिजे, आणि परीक्षेचीं कलमें ह्याच चरित्रांत आहेत. बरें करणाऱ्यानें मोबदला घेतला काय? त्यानें डंका पिटला, कीं गुप्त ठेवण्यास सांगितलें? रोग्यास तपासणीसाठीं दुसऱ्याकडे पाठविलें, कीं वैद्याकडे जाण्याची मनाई केली? ज्यास कोणी शिवत नव्हतें त्यास तो शिवला काय? आणि स्वतःवर संकट आलें तेव्हां ती शक्ति त्यानें कोणासाठीं वापरली? चमत्कार मानणाऱ्यांनीं आणि न मानणाऱ्यांनीं हे पांच प्रश्न निदान एकदां, येशूचें नांव घेऊन दुकान मांडणाऱ्यांसही, विचारावे. उत्तरें मिळेपर्यंत आपली थैली आणि आपलें रुग्ण माणूस त्यांच्या स्वाधीन करूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.