झाडांना नावे देणारा लिनियस

स्वीडन देशाच्या दक्षिणेस एका खेड्यात १७०७ साली कार्ल लिनियसचा जन्म झाला. त्याचे वडील धर्मोपदेशक होते. त्यांना बागेचा मोठा नाद. लहानगा कार्ल प्रत्येक रोपाचे नाव विचारी आणि विसरून जाई. अखेर, पुन्हा विसरलास तर एकही नाव सांगणार नाही, अशी तंबी वडिलांनी दिली. तेव्हापासून तो प्रत्येक रोप मन लावून न्याहाळू लागला.

शाळेत मात्र त्याचे लक्ष लागेना. त्याला एखादा धंदा शिकवावा, असा सल्ला शिक्षकांनी दिला. वडील खिन्न झाले. परंतु रोथमन नावाच्या वैद्याने मुलाची आवड ओळखली आणि त्याला वनस्पतिशास्त्राचे धडे दिले.

पुढे उप्साला विद्यापीठात त्याने दारिद्र्य सोसून अभ्यास केला. त्या काळी वनस्पतीचे शास्त्रीय नाव म्हणजे लांबलचक वर्णनच असे. १७५३ साली लिनियसने हजारो वनस्पतींना दोन शब्दांची सुटसुटीत नावे दिली. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. वड आणि पिंपळ यांची फुले फळासारख्या गोंडाच्या आत दडलेली असतात; म्हणून दोघांची प्रजाती एकच, फायकस. पण पारंब्या सोडणारा वड तो फायकस बेंगालेन्सिस. पानास शेपटीसारखे टोक असलेला पिंपळ तो फायकस रिलिजिओझा.

पुंकेसर मोजून वनस्पतींचे वर्ग पाडण्याची त्याची रीत पुढे मागे पडली. नावांची पद्धत मात्र आजही जगभर चालते. १७७८ साली लिनियस वारला. नावे विसरणाऱ्या त्या मुलाने दिलेली नावे जग अद्याप विसरलेले नाही.