लोणावळ्याचा प्रयोगशील योगी : स्वामी कुवलयानंद

लोणावळा म्हटले की चिक्की, धुके आणि पावसाळ्यात भुशी धरणाकडे लोटणारी गर्दी डोळ्यांपुढे येते. शास्त्रीय संशोधनाच्या जगात मात्र या गावाची ओळख गेली शंभर वर्षे वेगळीच आहे. योगाचा शरीरावर काय परिणाम होतो, या विषयावरील निबंधांच्या अखेरीस जी संदर्भसूची असते, तीत 'योगमीमांसा' या नियतकालिकाची आणि त्यासोबत लोणावळ्याची नोंद वारंवार आढळते. हे नियतकालिक १९२४ मध्ये सुरू झाले. योगावरील प्रयोग, त्यांची मोजमापे आणि निष्कर्ष नियमितपणे छापणारे हे जगातील पहिले नियतकालिक मानले जाते. ते सुरू करणारे स्वामी कुवलयानंद मावळच्या भूमीत बेचाळीस वर्षे राबले आणि तरीही मावळाबाहेरच अधिक ओळखले गेले.

जगन्नाथ गुणे यांची जडणघडण

कुवलयानंदांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी तत्कालीन बडोदे संस्थानातील डभोई येथे झाला. वडील शिक्षक होते, पण घरची परिस्थिती बेताची होती. काही काळ या कुटुंबाला इतरांच्या मदतीवर अवलंबून राहावे लागले. अशाही स्थितीत जगन्नाथ १९०३ मध्ये मॅट्रिक झाले आणि संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. पुढे बडोद्यात शिक्षण घेऊन १९१० मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले.

बडोद्यातील त्या वर्षांनी त्यांच्या आयुष्याला दिशा दिली. अरविंद घोष तेथे अध्यापन करीत असत. लोकमान्य टिळकांच्या विचारांचे वारे तरुणांमध्ये संचारले होते. १९०७ ते १९१० या काळात जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्याकडे गुणे यांनी भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा निश्चय त्यांनी याच वयात केला. त्यानंतर ते खानदेशात अमळनेर येथे गेले आणि १९१६ ते १९२३ या काळात अध्यापनात रमले. १९२१ मध्ये तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. राष्ट्रीय वृत्तीची ही संस्था १९२३ मध्ये ब्रिटिश सरकारने बंद पाडली.

दरम्यान १९१९ मध्ये त्यांची नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजी यांच्याशी भेट झाली होती. मूळचे बंगालचे असलेले हे वृद्ध योगी त्यांचे गुरू झाले. १९२१ मध्ये गुरूंचे निधन झाले, म्हणजे सहवास जेमतेम दोन वर्षांचा. परंतु या दोन वर्षांत शिष्याच्या मनात एक प्रश्न घर करून राहिला. गुरूंच्या क्रियांचा परिणाम दिसत होता. तो नेमका कशामुळे होतो, हे मात्र परंपरेच्या परिभाषेत सांगून आधुनिक शिक्षण घेतलेल्या पिढीचे समाधान होणार नव्हते.

श्रद्धेला मोजपट्टी

गुणे यांनी बडोद्याच्या रुग्णालयातील क्ष-किरण यंत्राचा आधार घेतला. उड्डियान आणि नौली या क्रिया करताना पोटातील अवयवांचे काय होते, हे त्यांनी तपासले. योगसाधनेच्या इतिहासात ही मोठी उडी होती. गुरूकडून मिळालेली विद्या यंत्रासमोर ठेवायची, तर यंत्र प्रतिकूल साक्ष देण्याचीही शक्यता असते. ती जोखीम त्यांनी पत्करली.

बस्ती या क्रियेत साधक पाण्यात बसून कोणत्याही पंपाविना मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेतो. हे कसे घडते, याचा शोध त्यांनी दाबमापकाच्या साहाय्याने घेतला. नौली करताना पोटाचे उभे स्नायू पुढे येतात आणि आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो. या दाबाच्या फरकामुळेच पाणी वर चढते, असे त्यांना आढळले. गूढ वाटणाऱ्या क्रियेला भौतिकशास्त्रातील साधे स्पष्टीकरण मिळाले. या अंशतः निर्वात अवस्थेला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले. गुरुभक्ती आणि प्रयोगबुद्धी यांचा असा मेळ विरळाच.

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम आश्रमाची स्थापना केली. मुंबई आणि पुणे ही दोन्ही शहरे येथून रेल्वेने जवळ. डॉक्टर, प्राध्यापक आणि देणगीदार यांना येथे पोचणे सोपे होते, तर साधनेला लागणारा एकांतही येथे होता. कार्ले आणि भाजे येथे बौद्ध भिक्षूंच्या लेण्यांची परंपरा असलेल्या मावळात आता प्रयोगशाळा असलेला आश्रम उभा राहिला. आश्रमासोबतच 'योगमीमांसा' हे नियतकालिक इंग्रजीतून निघू लागले.

या नियतकालिकाची रचना विचारपूर्वक केलेली होती. प्रयोग आणि मोजमापे यांसाठी शास्त्रीय विभाग, त्यांचा अर्थ उलगडण्यासाठी अर्धशास्त्रीय विभाग आणि सामान्य वाचकांसाठी सुलभ विभाग असे तीन भाग त्यात असत. संशोधन कोणते आणि मत कोणते, हे वाचकाला वेगळे ओळखता यावे, ही त्यामागील दृष्टी. सुरुवातीच्या अंकांत क्ष-किरण तपासण्या आल्या. पाठोपाठ सर्वांगासनासारख्या आसनांत रक्तदाबावर होणाऱ्या परिणामांचे प्रयोग प्रसिद्ध झाले.

प्राणवायूचा वाद

कुवलयानंदांच्या सचोटीची खरी परीक्षा प्राणायामाच्या प्रश्नावर झाली. प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो, हा समज त्या काळी सुशिक्षितांत रूढ होता आणि आजही आहे. योगाचा प्रसार करणाऱ्याच्या दृष्टीने तो सोयीचाच होता. कुवलयानंदांनी मात्र श्वासोच्छ्वासातील हवेचे रासायनिक पृथक्करण करून किती प्राणवायू शोषला जातो आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे तपासले. १९३० च्या दशकाच्या आरंभी हे निष्कर्ष त्यांनी आपल्याच नियतकालिकात मांडले. अधिक प्राणवायू मिळणे हे प्राणायामाचे मर्म नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्याचे मोल मज्जासंस्थेवरील परिणामांत आणि श्वसनाच्या नियंत्रणात शोधावे, अशी त्यांची भूमिका होती.

याच सुमारास अमेरिकेतील येल विद्यापीठाचे मल्याळी अभ्यासक कोवूर बेहानन लोणावळ्यात राहून त्यांच्याकडे योग शिकले. अमेरिकेत परतल्यावर बेहानन यांनी स्वतःवरच प्रयोग करवून घेतले आणि १९३७ मध्ये आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या मोजमापांत उज्जायी प्राणायामात प्राणवायूचा वापर २४.५ टक्क्यांनी, भस्त्रिकेत १८.५ टक्क्यांनी, तर कपालभातीत १२ टक्क्यांनी वाढलेला दिसला. शिष्याचे आकडे गुरूच्या मताशी जुळत नव्हते. येलमधील मानसशास्त्रज्ञ वॉल्टर माइल्स यांनी ही निरीक्षणे १९६४ मध्ये अमेरिकेतील शरीरक्रियाशास्त्राच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध केली.

मग बरोबर कोण? बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेतील शर्ली टेलिस आणि टी. देसिराजू यांचे संशोधन १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा या प्रश्नावर बराच प्रकाश पडला. उज्जायीत श्वास थोडाच वेळ रोखला असता प्राणवायूचा वापर ५२ टक्क्यांनी वाढला. कुंभक दीर्घ केला असता तो १९ टक्क्यांनी घटला. म्हणजे प्राणायाम हा एकच शब्द असला, तरी कुंभकाच्या कालावधीनुसार शरीरातील घडामोडी उलट दिशेने जाऊ शकतात. लोणावळ्यात उपस्थित झालेल्या प्रश्नाचा धागा अमेरिकेतून बंगळूरपर्यंत सुमारे साठ वर्षे चालत राहिला. शास्त्रीय संशोधनाचा प्रभाव याहून स्पष्ट दिसणे कठीण.

उल्लेखांच्या हिशेबाबाहेर

आज मात्र संशोधनाचा प्रभाव मोजण्याची पद्धत निराळी आहे. एखाद्या निबंधाचा पुढील निबंधांत किती वेळा उल्लेख झाला, यावर त्याचे आणि ते छापणाऱ्या नियतकालिकाचे वजन ठरते. अमेरिकेतील युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये विज्ञानातील उल्लेखांची सूची प्रसिद्ध होऊ लागली. त्या वेळी 'योगमीमांसा' चाळिशीत आले होते. जीवरसायनशास्त्रातील नामवंत 'जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री' हे नियतकालिक १९०५ पासून निघत होते. त्यात १९५१ मध्ये ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांनी प्रथिने मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. २०१४ मधील गणनेनुसार त्या एका निबंधाचे तीन लाखांहून अधिक उल्लेख झाले होते. प्रयोगशाळेत रोज लागणारी पद्धत असल्याने ही संख्या फुगत गेली. उल्लेखांची संख्या उपयोग दाखवते, विचाराची खोली दाखवेलच असे नाही, हा धडा त्यातून मिळतो.

लहान संस्थांची आणि विकसनशील देशांतील अनेक नियतकालिके या मोजणीच्या जाळ्याबाहेरच राहिली. तरीही योगसंशोधनाचा स्वतंत्र धांडोळा घेतला गेला, तेव्हा वेगळे चित्र पुढे आले. हार्वर्डशी संबंधित संशोधक सतबीरसिंग खालसा यांनी २००४ मध्ये योगोपचारांवरील १८१ निबंधांचे विश्लेषण केले. हे निबंध १५ देशांतील ८१ नियतकालिकांत विखुरलेले होते. त्यातील बहुसंख्य संशोधन भारतीयांचे होते आणि ते भारतीय, विशेषतः योगाला वाहिलेल्या नियतकालिकांत आले होते. या प्रकारच्या नियतकालिकांचा पाया लोणावळ्यात घातला गेला होता.

या कामाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सुरुवातीच्या प्रयोगांत व्यक्तींची संख्या फार थोडी असे. तुलनेसाठी दुसरा गट बहुधा नसे. प्रयोग करणारी संस्था आणि ते छापणारे नियतकालिक एकच होते, त्यामुळे त्रयस्थ परीक्षणाची कसोटी लागत नसे. नियतकालिकाच्या प्रकाशनात मोठे खंडही पडले. आजच्या निकषांवर त्यातील कित्येक निबंध अपुरे ठरतील. परंतु ते निकष योगाला लावता येतात, ही जाणीवच त्या निबंधांनी निर्माण केली.

आश्रमातून समाजात

प्रयोगशाळेपुरते कुवलयानंद मर्यादित राहिले नाहीत. १९२७ मध्ये महात्मा गांधींची प्रकृती रक्तदाबामुळे बिघडली, तेव्हा त्यांनी आसनांबाबत कुवलयानंदांशी पत्रव्यवहार करून मार्गदर्शन घेतले. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९३६ मध्ये कैवल्यधामचे आरोग्य केंद्र उभे राहिले. मुंबई प्रांताच्या सरकारने शारीरिक शिक्षणासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. १९३८ मध्ये कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था सुरू झाली, त्यामागे या कामाचा वाटा होता. शाळेच्या मैदानावर योगासने आणण्याचे त्यांचे प्रयत्न दीर्घकाळ चालू राहिले. १९५० च्या दशकाच्या आरंभी लोणावळ्यात गोरधनदास सेक्सरिया योग महाविद्यालय सुरू झाले. पुढील दशकात योगोपचारांचे रुग्णालयही आले. १८ एप्रिल १९६६ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी स्वामीजींचे निधन झाले. संस्थेची धुरा स्वामी दिगंबरजी यांनी सांभाळली.

संस्थापकाच्या पश्चात अनेक आश्रम केवळ स्मारके होऊन राहतात. येथे तसे झाले नाही. डॉ. पी. व्ही. करंबेळकर, डॉ. एस. एल. विनेकर आणि डॉ. एम. व्ही. भोळे यांनी हवाबंद खड्ड्यात राहणाऱ्या व्यक्तींवरील अभ्यास १९६८ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' मध्ये प्रसिद्ध केला. भूगर्भसमाधी हा जत्रेतील चमत्काराचा विषय होता. तो त्यांनी मोजमापाच्या कक्षेत आणला. पाठोपाठ १९६९ मध्ये करंबेळकर, भोळे आणि डॉ. एम. एल. घरोटे यांनी आसनांमुळे लघवीतील युरोपेप्सिन या द्रव्याचे प्रमाण कसे बदलते, हे तपासले. जठरातील पाचक स्रावाशी निगडित असलेले हे द्रव्य शरीरावरील ताणाच्या अभ्यासातही उपयोगी मानले जात असे. क्ष-किरण आणि दाबमापक यांपासून निघालेले संशोधन आता जीवरसायनशास्त्राच्या दालनात पोचले होते. शिवाय ते घरच्या नियतकालिकाबाहेर, त्रयस्थ परीक्षकांसमोर ठेवले जात होते.

संयुक्त राष्ट्रांनी २०१४ मध्ये २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून जाहीर केला. तेव्हापासून योगाच्या लाभांविषयीच्या दाव्यांना तोटा नाही. त्यातील किती दाव्यांमागे मोजमाप आहे, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. २०२४ मध्ये कैवल्यधामने शंभर वर्षे पूर्ण केली आणि 'योगमीमांसा' चे प्रकाशनही सुरू आहे. आश्रमाजवळच्या रस्त्याला आज स्वामी कुवलयानंदांचे नाव आहे. सुटीच्या दिवशी त्या भागातून जाणाऱ्या शेकडो पर्यटकांना ते कोण, हे बहुधा ठाऊक नसते. योगावर ज्यांची अढळ श्रद्धा होती, त्यांनीच योगाविषयीचा एक लोकप्रिय समज प्रयोगाला न पटल्याचे छापून जाहीर केले, एवढे जरी त्यांच्यापर्यंत पोचले, तरी त्या रस्त्याच्या नावाचे सार्थक होईल.