मनातली हाक न विसरलेला व्यापारी



आपल्या वालीवमध्ये दिवस उजाडतो तो कंपन्यांच्या पहिल्या पाळीच्या गडबडीत. कामधंदा, मुलांचे शिक्षण, घराचे हप्ते यांत दिवस कसा सरतो ते कळत नाही आणि संध्याकाळची रोजरी उद्यावर जाते. यातले कोणतेही काम वाईट नाही, पण मुख्य गोष्ट मात्र मागे पडते. अशा वेळी आपल्या वसईच्या सुपुत्राची, संत गोन्सालो गार्सिया यांची आठवण करू या. तेही एके काळी व्यापारात बुडून गेले होते.

त्यांचा जन्म सुमारे १५५७ साली वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघाच्या धर्मगुरूंकडे त्यांचे शिक्षण झाले आणि पंधरा-सोळाव्या वर्षी ते धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. जपानी भाषा त्यांनी लवकर आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे तेथील लोकांना धर्मशिक्षण दिले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही.

मन खट्टू झाले. ते व्यापारात उतरले, जम बसला, पैसा आला. आता जुनी इच्छा विसरायला दोन कारणे होती : एक निराशा आणि दुसरे यश. आपलेही असेच होते ना? कधी कोणी डावलले म्हणून आपण चर्चपासून दूर राहतो, तर कधी सगळे छान चालले आहे म्हणून देवाची आठवण होत नाही.

गोन्सालो मात्र विसरले नाहीत. व्यापारानिमित्त मनिलाला जाणे-येणे असताना फ्रान्सिस्कन संघाशी त्यांची ओळख झाली. भरभराटीचा धंदा सोडून ते त्या संघात साधे बंधू झाले. धर्मगुरूपद नाही, मानपान नाही. सेवा मात्र भरपूर.

१५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर ते पुन्हा जपानला गेले. राज्यकर्ता हिदेयोशी याच्यापुढे दुभाषी म्हणून तेच उभे राहिले. पूर्वी शिकलेली भाषा अशी देवाच्या कामी आली. त्या छोट्या गटाने क्योतो येथे गोरगरिबांची आणि कुष्ठरोग्यांची सेवा केली.

१५९६ च्या अखेरीस हिदेयोशीने त्यांना अटक करवली. कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यात आली. ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर चालवत त्यांना नागासाकीला नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर २६ जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी ठार मारण्यात आले. त्यांत आपले गोन्सालो होते. पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी या सर्वांना संत म्हणून घोषित केले.

बंधु-भगिनींनो, आपल्यापैकी बहुतेकांना कामधंदा सोडायचा नाही. संसार सांभाळणे हेही देवाने दिलेलेच काम आहे. पण एके काळी मनात असलेली एखादी चांगली इच्छा धकाधकीत राहून गेली असेल : रोजची कौटुंबिक प्रार्थना, दुरावलेल्या भावाशी समेट, आजारी शेजाऱ्याची भेट. या आठवड्यात तिच्यापैकी एक तरी हाती घेऊ या. पाळी सुटल्यावर मोबाइल थोडा वेळ बाजूला ठेवला, तरी तेवढा वेळ नक्की मिळेल.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठी विनंती करा.