विश्लेषण : बँक नेमकी कधी बुडते? ‘शेअर मेनिया’तील प्रेमचंद रायचंद यांची कहाणी काय सांगते?

बँकेच्या शाखेचे शटर एखाद्या सकाळी उघडलेच नाही, की दारावरच्या नोटिशीचा फोटो काही मिनिटांत व्हॉट्सॲपवर फिरू लागतो आणि लोक एटीएमकडे धावतात. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेवर निर्बंध आले तेव्हा मुंबई-ठाण्याने हे अनुभवले. ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढता येणार होते. पण शटर खाली येते तो बँक बुडण्याचा शेवटचा टप्पा असतो. सुरुवात बरीच आधी, बाजार तेजीत असताना आणि कोणालाच शंका येत नसताना झालेली असते. मुंबईने हा धडा दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी घेतला आहे. त्या घटनांच्या मध्यभागी असलेल्या माणसाचे नाव प्रेमचंद रायचंद. राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून उभा राहिला.

प्रेमचंद रायचंद कोण होते?

प्रेमचंद यांचा जन्म १८३१ मध्ये सुरतेतील जैन व्यापारी कुटुंबात झाला. वडील रायचंद दीपचंद नशीब काढायला मुंबईत आले आणि प्रेमचंद यांचे शिक्षण येथेच झाले. त्या काळच्या देशी दलालांमध्ये इंग्रजी लिहिता-वाचता येणारे फार थोडे होते. प्रेमचंद त्यांपैकी एक. त्यामुळे युरोपीय व्यापारी कंपन्या, इंग्रज बँक अधिकारी आणि पेढ्यांवरचे शेठ या तिघांशीही ते थेट बोलू शकत.

त्यांनी दलालीची सुरुवात शेअर आणि हुंड्यांपासून केली आणि पुढे कापसाच्या व्यापारात जम बसवला. लिव्हरपूलहून येणारी जहाजे धक्क्याला लागण्याआधीच ते समुद्रात होड्या पाठवून तिकडचे कापसाचे भाव मिळवत, असे सांगितले जाते. तेव्हा युरोपशी तारेने संपर्क नव्हता. जो भाव बाजाराला दुसऱ्या दिवशी कळायचा, तो आदल्या दिवशी कळणे म्हणजेच नफा.

मुंबईत एवढा पैसा आला कुठून?

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस आटला. पर्याय म्हणून इंग्लंडची नजर भारताकडे वळली. खानदेश, वऱ्हाड आणि गुजरातचा कापूस मिळेल त्या भावाने उचलला जाऊ लागला आणि तो मुंबई बंदरातून बाहेर जात होता. युद्धाच्या काळात नेहमीच्या भावापेक्षा सुमारे सात कोटी पौंड जास्त मुंबईत आले, असा अंदाज नंतर मांडला गेला.

शहर फुगले. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८ लाख १६ हजार ५६२ भरली.

हा पैसा गेला कुठे?

बराचसा कागदावर गेला. १ जानेवारी १८६५ रोजी मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमीन कंपन्या, १६ कापूस दाबणाऱ्या प्रेस कंपन्या, १० जहाज कंपन्या आणि २० विमा कंपन्या होत्या. त्यांतील अनेक कंपन्यांकडे कामकाज असे काही नव्हतेच. होते ते फक्त छापील शेअर.

सर्वांत गाजली ती बॅक बे रेक्लमेशन कंपनी. कुलाब्याकडच्या पश्चिम किनाऱ्यावर भराव टाकून जमीन मिळवायची, रेल्वेला जागा द्यायची आणि उरलेली विकायची, अशी योजना होती. तिचा ५ हजार रुपये भरलेला शेअर ५० हजारांच्या आसपास पोहोचला. समुद्राखालच्या जमिनीला हा भाव होता.

या कंपनीमागे प्रेमचंद यांचा हात होता. एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशनशीही ते जोडलेले होते. नव्या कंपनीचे शेअर कोणाला वाटायचे, हे बऱ्याच अंशी त्यांच्या मर्जीवर असे. मूळ किमतीला शेअर मिळाला की तो त्याच दिवशी चढ्या भावाने विकता येई. त्यामुळे त्यांच्या दारी शेठ, वकील, कारकून आणि सरकारी अधिकारी अशी सगळ्यांचीच गर्दी असे.

बँक ऑफ बॉम्बेचा यात काय संबंध?

बँक ऑफ बॉम्बे १८४० मध्ये सनद घेऊन सुरू झाली. ही साधी खासगी बँक नव्हती. सरकार तिचे भागधारक होते, संचालक मंडळावर सरकारने नेमलेले संचालक बसत आणि सरकारी पैसाही तिच्याकडे असे. लोकांच्या दृष्टीने ती सरकारचीच बँक होती.

सुरुवातीला तिच्यावर कडक बंधने होती. एका कर्जदाराला किती द्यायचे, किती मुदतीने द्यायचे, तारण कोणते घ्यायचे, हे ठरलेले होते. पण १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार या बँकांकडून सरकारकडे गेला आणि बँकांचे नियम नव्याने लिहिले गेले. १८६३ च्या कायद्यात जुनी बंधने सैल झाली आणि शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. ही सूट मिळाली ती नेमकी सट्टा उसळत असताना.

त्यातून एक चक्र सुरू झाले. शेअर तारण ठेवून बँकेकडून कर्ज घ्यायचे, त्या पैशांत नवे शेअर घ्यायचे, मागणी वाढली की भाव चढतो, भाव चढला की तारणाची किंमत वाढते आणि त्यावर आणखी कर्ज मिळते. बँकेला वाटत होते, आपले कर्ज सुरक्षित आहे. प्रत्यक्षात तिच्या कपाटातल्या तारणाची किंमत तिच्याच कर्जांमुळे फुगलेली होती.

प्रेमचंद यांच्या शब्दावर कर्ज कसे मिळे?

बँकेचा रोजचा कारभार सेक्रेटरीच्या हातात होता आणि त्याच्यावर प्रेमचंद यांचा मोठा प्रभाव होता. कर्जदार पत असलेला आहे का, तारण पुरेसे आहे का, हे तपासण्याऐवजी प्रेमचंद यांची शिफारस पुरेशी मानली जाऊ लागली. कर्ज कोणाला द्यायचे हे बँकेबाहेरचा एक दलाल ठरवत होता आणि तो दलाल स्वतःही बँकेचा मोठा कर्जदार होता.

बाजार चढत होता तोवर हप्ते येत होते आणि शिफारशी खऱ्या ठरत होत्या. म्हणून कोणी प्रश्न विचारला नाही.

१ जुलै १८६५ रोजी काय झाले?

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली. ही बातमी मुंबईत पोहोचताच कापसाचे भाव कोसळले. पण खरा धोका वायद्यांमध्ये होता. अमुक शेअर अमुक भावाने १ जुलैला घेऊ, असे असंख्य करार आधीच झाले होते. करार केले तेव्हा भाव चढेल याची प्रत्येकाला खात्री होती. आता तारीख आली आणि पैसे कोणाकडेच नव्हते. एकाने पैसे चुकते केले नाहीत म्हणून दुसरा अडला, दुसरा अडला म्हणून तिसरा. दिवाळखोरांची संख्या एवढी झाली, की सरकारला त्याच वर्षी खास कायदा करावा लागला.

बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला शेअर घसरत ८७ रुपयांवर आला. प्रेमचंद यांचेही साम्राज्य कोसळले. त्यांनी आपली मालमत्ता देणेकऱ्यांसाठी विश्वस्तांच्या हाती सोपवली. शहरातली वस्तीही ओसरली. १८७२ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ६ लाख ४४ हजार ४०५ होती.

गावांनाही झळ बसली. तेजीत सावकाराने सढळ हाताने दिलेले कर्ज मंदीत शेतकऱ्याच्या मानेवर बसले. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून पेटलेल्या दख्खनच्या दंग्यांमागील कारणांत इतिहासकार कापसाच्या या चढ-उताराचाही समावेश करतात.

मग बँक लगेच का बंद पडली नाही?

ही या कहाणीतील महत्त्वाची गोष्ट आहे. बाजार १८६५ च्या मध्यात कोसळला. बँक ऑफ बॉम्बे अवसायनात गेली ती १८६८ च्या सुरुवातीला. मधली सुमारे अडीच वर्षे दारे उघडी होती आणि व्यवहार सुरू होते.

बुडालेले कर्ज बुडाले असे वहीत लिहिले नाही, तर ते दिसत नाही. मुदत वाढवून दिली, की तेच कर्ज येणे म्हणून वहीत राहते. शिवाय सरकार पाठीशी आहे या भरवशावर लोकही थांबले होते. दरम्यान मे १८६६ मध्ये लंडनमध्ये ओव्हरएंड गर्नी ही बलाढ्य पेढी बुडाली. त्या वर्षीच्या वादळात एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशनसह भारतात व्यवसाय करणाऱ्या अनेक बँका कोसळल्या. अखेर बँक ऑफ बॉम्बेचे खरे आकडे झाकणे अशक्य झाले. भागधारकांचे बहुतेक भांडवल गेलेले होते.

चौकशीत काय आढळले?

सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्याने काढलेली कारणे आजच्या एखाद्या बँकेच्या अहवालातही शोभतील : १८६३ च्या कायद्याने काढून टाकलेली बंधने, सेक्रेटरींनी केलेला अधिकारांचा गैरवापर, संचालकांचा निष्काळजीपणा आणि अपात्रता, आणि त्या काळाची असाधारण परिस्थिती.

म्हणजे दोष एकट्या प्रेमचंद यांचा नव्हता. त्यांनी दार ढकलले, हे खरे. पण दाराची कडी कायद्याने आधीच काढली होती आणि राखणीला बसवलेले संचालक पाहत नव्हते. सरकारी संचालक असल्यामुळे बँक सुरक्षित आहे असे लोकांना वाटत होते. त्या संचालकांनाही बहुधा तसेच वाटत असावे.

१८६८ मध्येच नवी बँक ऑफ बॉम्बे स्थापन झाली. १८७६ च्या कायद्याने दीर्घ मुदतीच्या आणि स्थावर मालमत्तेच्या तारणावरील कर्जांना मनाई केली. ही बँक १९२१ मध्ये इम्पिरियल बँकेत विलीन झाली आणि १९५५ मध्ये इम्पिरियल बँकेची स्टेट बँक ऑफ इंडिया झाली.

प्रेमचंद यांचे पुढे काय झाले?

ते संपले नाहीत. त्यांनी पुन्हा दलाली सुरू केली, हळूहळू व्यवसाय उभा केला आणि १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले. पण तेजीतले वैभव परत आले नाही. १८७५ मध्ये दलालांनी द नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन स्थापन केली, तिच्या संस्थापकांत त्यांचे नाव घेतले जाते. हीच संस्था आजचा मुंबई शेअर बाजार. ज्या बाजाराला नियम नसल्याने ते बुडाले, त्याला नियमांची चौकट देण्यातही त्यांचा वाटा होता.

त्यांच्या देणग्या मात्र टिकल्या. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आई राजाबाईंच्या नावाने मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये त्यांनी दिले. सुमारे २८० फुटांचा हा टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. कलकत्ता विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून सुरू झालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती पुढे अनेक पिढ्यांतील विद्वानांना मिळाली. तेजीत मिळवलेल्या पैशांपैकी दान केलेलाच पैसा बाजाराच्या तावडीतून सुटला.

आजच्या ठेवीदारासाठी यात काय?

पहिले, शाखा बंद होणे म्हणजे बँक बुडणे नव्हे. बँकांचे विलीनीकरण झाले किंवा दोन शाखा जवळजवळ असल्या, की एक बंद करून खाती दुसरीकडे वळवली जातात. अशा वेळी पैसे काढण्यावर मर्यादा येत नाही. रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले असतील तर मात्र प्रकरण वेगळे. नोटिशीवर नेमके काय लिहिले आहे, हे आधी वाचावे.

दुसरे, ठेव विमा. एका बँकेत एका ठेवीदाराची मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंतची रक्कम विम्याच्या संरक्षणाखाली असते. फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा एक लाख होती. सहकारी बँकांनाही हे संरक्षण आहे; पतसंस्थांना नाही. सर्वसमावेशक निर्बंध आल्यास विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद २०२१ च्या दुरुस्तीने झाली. १८६८ मध्ये यातले काहीच नव्हते.

तिसरे, कर्ज कोणाला दिले जाते हे महत्त्वाचे. पीएमसी बँकेच्या कर्जांचा मोठा हिस्सा एकाच बांधकाम समूहाकडे होता आणि ते बराच काळ वहीत दडून राहिले. बँक ऑफ बॉम्बेतही कर्जे एका वर्तुळात फिरत होती. त्यामुळे सहकारी बँकेचे सभासद असाल तर वार्षिक सभेचा अहवाल चाळताना लाभांशाच्या पानावर थांबू नये. थकीत कर्जे किती वाढली, सर्वांत मोठे कर्जदार कोण आणि लेखापरीक्षकाने कोणते शेरे मारले, हे सभेत विचारावे. ते विचारण्याची वेळ बँकेचे सगळे व्यवहार सुरळीत दिसत असतात तेव्हाचीच असते.